डोळ्यातील इंजेक्शन
(नभोवाणीवरील भाषण)



डोळ्यात सुई टोचून औषध देतात, एवढे वाक्य कानी पडले की ऐकणाराचा हात नकळत आपल्या पापणीकडे जातो. दंडावर सुई घेण्याची सवय आपणांस लहानपणापासून असते. परंतु डोळ्यात साधे कुसळ गेले तरी आपण घर डोक्यावर घेतो. तेव्हा डोळ्याच्या आत इंजेक्शन ही कल्पनाच असह्य वाटावी, यात नवल नाही. हे भय स्वाभाविक आहे. पण या भयापायी काही माणसे उपचार लांबणीवर टाकतात, काही एकदा उपचार घेऊन पुन्हा फिरकत नाहीत, आणि जी दृष्टी वाचली असती ती कायमची गमावून बसतात. म्हणून एका दुर्मीळ नेत्ररोगाच्या निमित्ताने हे इंजेक्शन काय करते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते काय करीत नाही, हे आज आपणांपुढे मांडावयाचे योजिले आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, मी वैद्य नव्हे. माझा सारा जन्म शाळेत मुलांना गणित व भूगोल शिकविण्यात गेला. माझ्या पुतणीस हा रोग झाला, आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसण्याचे काम घरात निवृत्त म्हणून माझ्याकडे आले. तेथे जे पाहिले, डॉक्टरांस विचारून जे कळले आणि मागाहून वाचून जे पडताळून घेतले, तेच मी सांगणार आहे. कोणास कोणते औषध द्यावे, हा निर्णय अर्थातच नेत्रवैद्याचा.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. आपला डोळा म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर लांबीचा एक गोल आहे. त्याच्या मागील भिंतीस तीन थर असतात. बाहेरचा थर पांढरा व चिवट. मधला थर बारीक रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. त्यास इंग्रजीत कोरॉइड म्हणतात. आपण त्यास सोयीसाठी रक्तपटल म्हणू. सर्वांत आतला थर म्हणजे दृष्टिपटल. त्यालाच बोलण्यात आपण ‘डोळ्याचा पडदा’ म्हणतो. याची जाडी अवघी पाव मिलिमीटरच्या आसपास. पण प्रकाशाचे रूपांतर संदेशात करून मेंदूकडे पाठविण्याचे काम तोच करतो. या पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाची लहानशी जागा आहे. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे, ही सारी बारीक नजरेची कामे या एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. रक्तपटल व पडदा यांच्यामध्ये एक अतिशय पातळ अस्तर असते. ते शाबूत आहे तोवर मागच्या रक्तवाहिन्या मागेच राहतात आणि पुढचा पडदा कोरडा व सपाट राहतो.

हे चित्र मनात नीट बसावे म्हणून घराची एक जुनी भिंत डोळ्यांपुढे आणा. भिंतीच्या मागे ओल आहे, पुढे गिलावा आहे. मध्ये कोठे बारीक तडा गेला, तर प्रथम काही दिसत नाही. पण पुढे एखाद्या पावसाळ्यात त्या तड्यातून पिंपळाचे रोपटे डोके वर काढते. रोपटे दिसावयास कोवळे; पण त्याचे मूळ गिलावा फोडते, आणि त्या वाटेने पाणी आत झिरपू लागते. मी ज्या रोगाविषयी बोलणार आहे त्यात डोळ्याच्या मागील भिंतीवर नेमके हेच घडते. तडा पाडणारा असतो दाह, आणि तड्यातून उगवणारे रोपटे म्हणजे एक नवी, कच्ची, गळकी रक्तवाहिनी. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि माझ्या साऱ्या भाषणाचे सूत्र त्या निराळेपणातच आहे.

या रोगाचे नाव ‘पंक्टेट इनर कोरॉइडोपथी’. अर्थ इतकाच की, रक्तपटलाच्या आतील बाजूस ठिपके उठण्याचा विकार. १९८४ साली अमेरिकेतील नेत्रवैद्य वॉट्झकी व त्यांचे सहकारी यांनी दहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध करून या रोगास स्वतंत्र नाव दिले. ते दहाही रुग्ण स्त्रिया होत्या, आणि त्या सर्वांना लांबचे कमी दिसण्याचा दोष, म्हणजे ज्यास आपण उणे नंबर म्हणतो तो होता. पुढील काळात जगभर जे रुग्ण आढळले त्यांतही हेच दिसून आले. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, वय बहुधा तिशीच्या आगेमागे, प्रकृती एरवी ठणठणीत, आणि डोळ्यावर उणे नंबरचा चष्मा. रोग दुर्मीळ आहे. एखाद्या सामान्य नेत्रवैद्याच्या उभ्या आयुष्यात त्याचे थोडेच रुग्ण येतात. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही, आणि फार वाचन केल्यामुळेही होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ऊतींवर उलटते तेव्हा हा दाह उत्पन्न होत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

दाहाचे हे ठिपके पिवळसर पांढरे असतात, आणि ते एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत मोठे असतात. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, त्यातून पाणी येत नाही. बाहेरून पाहणारास तो अगदी निरोगी वाटतो. रोगिणीला मात्र आत काही निराळे जाणवत असते. नजरेसमोर एखादा काळा वा करडा डाग तरंगतो, डोळे मिटले असताही ठिणग्यांसारखा प्रकाश चमकतो, दृष्टी किंचित धूसर होते. पुष्कळदा हे ठिपके आपोआप शमतात आणि मागे बारीक व्रण ठेवून जातात. व्रण पीतबिंदूपासून दूर असतील तर दृष्टीस फारशी इजा पोचत नाही. पण काही रुग्णांत त्या व्रणांच्या जागी मघाशी सांगितलेले रोपटे उगवते. निरनिराळ्या रुग्णसमूहांत याचे प्रमाण निरनिराळे आढळले असले, तरी ते क्षुल्लक खचितच नाही. या रोगात दृष्टी गेली तर ती बहुतकरून या नव्या रक्तवाहिनीमुळे जाते.

नवी रक्तवाहिनी उगवल्याची मुख्य खूण अशी की, सरळ रेषा वाकडी दिसू लागते. माझी पुतणी एका बँकेत नोकरीस आहे. तिचा नंबर शाळेत असल्यापासून वाढत वाढत उणे सहापर्यंत गेलेला. एकदा ती मला म्हणाली, “काका, आकड्यांची उभी रांग मध्येच कमरेत वाकल्यासारखी दिसते.” तिने तसे पाहिले होते ते एका डोळ्यात काही गेले म्हणून तो मिटला असताना. दोन्ही डोळे उघडे असताना निरोगी डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, आणि आजार कित्येक दिवस लपून राहतो. घरच्यांनी तिला प्रथम एका चष्म्याच्या दुकानात नेले. तेथे नंबर थोडा बदलून नवी काच बसवून दिली, आणि ती अंगवळणी पडेल या आशेवर तीन आठवडे गेले. काचेने वाकडी रेषा सरळ होत नाही, हे येथे ठासून सांगतो. चष्मा धूसरपणा घालवील. पण खिडकीचा गज मध्येच वाकडा दिसू लागला, तर दोष काचेचा नव्हे, पडद्याचा. अशा वेळी पडद्याच्या आजारांचा विशेष अभ्यास केलेल्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात, शक्य तर त्याच दिवशी जावे.

तेथे दोन तऱ्हेच्या तपासण्या होतात. एकीत प्रकाशकिरणांच्या साह्याने पडद्याच्या थरांचे उभ्या छेदासारखे चित्र घेतात. या यंत्राची मूळ कल्पना १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि त्यायोगे पडद्याखाली साचलेले पाणी केसाएवढे असले तरी दिसते. दुसरीत हाताच्या शिरेत रंगद्रव्य सोडून ते डोळ्यातील कोणत्या वाहिनीतून गळते याची छायाचित्रे घेतात. याखेरीज रक्ताच्या तपासण्या व छातीचे चित्रही काढतात. याचे कारण असे की, क्षय, उपदंश यांसारखे रोगही डोळ्याच्या मागे अशाच खुणा उमटवू शकतात. आपल्या देशात क्षयाचा विचार न करता दाहशामक औषध सुरू करणे धोक्याचे ठरते; कारण क्षय असताना तेच औषध रोगास बळ देते.

आता त्या रोपट्याकडे वळू. शरीरात नवी रक्तवाहिनी उगाच उगवत नाही; तिला कोणीतरी बोलवावे लागते. १९४८ साली आयझॅक मायकेलसन या नेत्रवैद्याने असे अनुमान केले की, डोळ्याच्या पडद्यातूनच एखादा पदार्थ स्रवत असावा आणि त्याच्या प्रेरणेने नव्या रक्तवाहिन्या वाढत असाव्यात. तो पदार्थ कोणता, हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. १९७१ साली बोस्टनचे शस्त्रवैद्य ज्यूडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठींविषयी असाच विचार मांडला. गाठीला वाढावयास नव्या रक्तवाहिन्या लागतात. तेव्हा त्या वाहिन्या रोखल्या तर गाठीची उपासमार होईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९८३ साली बोस्टनमध्येच ड्वोरॅक व त्यांचे सहकारी यांस रक्तवाहिन्या गळक्या करणारे एक प्रथिन सापडले. १९८९ साली कॅलिफोर्नियातील नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारे प्रथिन वेगळे काढून त्याची घटना उलगडली. पुढे ध्यानी आले की, वाढविणारे आणि गळके करणारे हे दोन पदार्थ नसून एकच आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास व्हीईजीएफ म्हणतात.

शत्रू एकदा ओळखू आला म्हणजे त्याच्यावर शस्त्र शोधता येते. या प्रथिनास घट्ट पकडून निकामी करणारे प्रतिद्रव्य तयार झाले. त्याचे नाव बेव्हॅसिझुमॅब. अमेरिकेत त्यास २००४ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर मान्यता मिळाली. २००५ साली मायामी येथील नेत्रवैद्य फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याच औषधाची अल्पशी मात्रा डोळ्यात देऊन पाहिली, आणि वार्धक्यातील पीतबिंदूच्या रोगात साचलेले पाणी ओसरू लागलेले दिसले. खास डोळ्यासाठी बनविलेले रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ साली, आणि अफ्लिबरसेप्ट हे २०११ साली वापरात आले. हा मोठा शोध झाला तो वृद्धांच्या आजारावर. पण रोपटे वृद्धाच्या डोळ्यात उगवो वा तरुणीच्या, त्याला बोलावणारा पदार्थ एकच. म्हणून त्याचा लाभ या दुर्मीळ रोगासही मिळाला.

त्यापूर्वीची स्थिती काय होती, हे आठवले म्हणजे या औषधाची किंमत कळते. पूर्वी लेसरच्या किरणांनी नवी वाहिनी जाळून टाकीत. परंतु तिच्याबरोबर वरचा पडदाही जळे. वाहिनी पीतबिंदूच्या खाली असली, तर उपचारानेच नजर जावयाची. काही ठिकाणी शस्त्रक्रियेने ती उपटून काढीत. २००० साली शिरेतून औषध देऊन त्यावर सौम्य प्रकाश टाकण्याची पद्धत आली. ती पुष्कळांत नुकसान थांबवी, पण गेलेली दृष्टी क्वचितच परत आणी. इंजेक्शनामुळे पडदा न जाळता वाहिनी कोमेजते, पाणी शोषले जाते, आणि वेळेवर दिल्यास गेलेली नजर थोडीफार परतही येते. दुर्मीळ कारणांनी उगवलेल्या अशा वाहिन्यांवर रॅनिबिझुमॅब कितपत चालते, हे पाहण्यासाठी १७८ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्यांस नजर तपासण्याच्या तक्त्यावर सरासरी सुमारे साडेनऊ अक्षरे अधिक वाचता आली; ज्यांस सुईचा केवळ बहाणा केला होता, त्यांच्यात फरक पडला नाही. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरे असतात. म्हणजे ही सुधारणा जवळजवळ दोन ओळींची झाली.

आता प्रत्यक्ष सुईविषयी. ज्याची धास्ती आपण घेतो, ते काम काही क्षणांचे असते. प्रथम थेंब घालून डोळा बधिर करतात. मग आयोडीनयुक्त तपकिरी औषधाने पापण्या व डोळ्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करतात. साऱ्या विधीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची होय, असे मला डॉक्टरांनी सांगितले. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा एक लहान चिमटा लावतात. सुई बुबुळातून जात नाही. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर दूर, पांढऱ्या भागातून ती आत शिरते. तेथे पुढे भिंग नाही, मागे पडदा नाही. निसर्गाने जणू तेवढी वाट मोकळी सोडली आहे. सुई केसासारखी बारीक, आणि औषध एका मिलिलिटरचा विसावा भाग, म्हणजे एका थेंबाएवढे. आपण समोरून सुई येताना पाहू असे पुष्कळांस वाटते. तसे होत नाही, कारण डॉक्टर नजर दुसरीकडे वळवावयास सांगतात. माझी पुतणी बाहेर आली तेव्हा म्हणाली, “काका, दाबल्यासारखे वाटले, इतकेच. आयोडीनची चुरचुर मात्र संध्याकाळपर्यंत होती.” हा अनुभव बहुतेकांचा असतो. पांढऱ्या भागावर लाल डाग पडतो, तो आठवडा-दोन आठवड्यांत जातो. नजरेसमोर एक-दोन दिवस बुडबुडे तरंगताना दिसतात.

तरीही धोका मुळीच नाही, असे सांगणे सत्यास धरून होणार नाही. मोठा धोका एकच. डोळ्याच्या आत जंतू शिरून पू होणे. योग्य निर्जंतुकता पाळली असता हे दर दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी घडते. पण घडले तर तासांचा हिशेब असतो. म्हणून इंजेक्शनानंतरच्या आठवड्यात डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाली वाढली, उजेड सोसवेना किंवा नजर एकाएकी मंदावली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. साधी चुरचुर दिवसागणिक उतरते. जंतूंचा त्रास दिवसागणिक चढतो. ही एवढी खूण घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. दुसरी सूचना स्त्रियांसाठी. हा रोग ऐन तारुण्यात होतो. तेव्हा गर्भ राहिला असल्यास, किंवा तसा विचार असल्यास, ती गोष्ट संकोच न करता इंजेक्शनापूर्वी डॉक्टरांच्या कानी घालावी. नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे औषध, आणि गर्भाची सारी वाढ तर नव्या वाहिन्यांवरच. एवढ्यावरून या प्रश्नाचे महत्त्व कळेल.

खर्चाचा प्रश्नही मध्यमवर्गीय घरात टाळता येत नाही. बेव्हॅसिझुमॅब हे मूळ कर्करोगाचे औषध; त्याच्या एका मोठ्या बाटलीतून डोळ्यापुरत्या अनेक लहान मात्रा निघतात, म्हणून ते पुष्कळ स्वस्त पडते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सरकारी चाचणीत वार्धक्यातील पीतबिंदूच्या रोगावर या स्वस्त औषधाने आणि महाग रॅनिबिझुमॅबने सारख्याच वेळापत्रकात दिले असता वर्षअखेरीस दृष्टीवर सारखाच परिणाम झाला. मात्र एका बाटलीतून अनेक मात्रा काढताना निर्जंतुकता कसोशीने पाळावी लागते. २०१५ साली आपल्या देशातच रॅनिबिझुमॅबची समरूप, कमी खर्चाची आवृत्ती तयार होऊन वापरात आली. तेव्हा महागड्या औषधाचा आकडा ऐकून परत फिरण्यापेक्षा “डॉक्टर, स्वस्त पर्याय आहे काय?” असे स्पष्ट विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

इतके ऐकल्यावर श्रोत्यांस वाटेल की, इंजेक्शन घेतले, पाणी ओसरले, प्रश्न मिटला. नेमका येथेच घोटाळा होतो. हे इंजेक्शन रोपटे सुकविते. तडा बुजवीत नाही. व्हीईजीएफ रोखणारे औषध महिना-दीड महिना टिकते आणि मग ओसरते. दाहावर त्याचा इलाज नव्हे. आत दाह धुमसत राहिला, तर त्याच व्रणाच्या कडेला किंवा दुसऱ्याच जागी नवे रोपटे डोके वर काढू शकते. म्हणून दाहासाठी निराळी योजना करावी लागते. पुष्कळदा प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे देऊन हळूहळू उतरवितात. कोणास स्टिरॉइडचेच इंजेक्शन डोळ्यात किंवा डोळ्याच्या शेजारी देतात. काही महिने झिजत राहणारी औषधाची बारीक कांडीही डोळ्यात ठेवतात. या दुसऱ्या जातीच्या इंजेक्शनाचे गुणदोष निराळे आहेत. त्याने डोळ्यातील दाब वाढू शकतो व मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, म्हणून दाब वरचेवर मोजावा लागतो. दाह पुन्हा पुन्हा उसळत असेल, तर शरीराची संरक्षक यंत्रणा आवरणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ देतात, आणि त्यासाठी रक्ताच्या नियमित तपासण्या कराव्या लागतात. तात्पर्य, “मला डोळ्यात इंजेक्शन दिले” एवढे रुग्णास ठाऊक असून पुरत नाही. ते रोपट्यासाठी होते की तड्यासाठी, हे त्याने विचारून घ्यावे आणि वहीत टिपून ठेवावे.

माझ्या पुतणीच्या बाबतीत पहिल्या इंजेक्शनानंतर तीन आठवड्यांत आकड्यांची रांग पुष्कळशी सरळ झाली. घरात आनंद झाला. सासूबाई मायेने म्हणाल्या, “आता दिसते आहे ना? मग पुन्हा तो छळ कशाला?” त्यांचे म्हणणे कोणासही पटेल असेच होते, दिसते आहे, दुखत नाही, मग सुई कशासाठी? परंतु तपासणीच्या चित्रात पडद्याखाली पाण्याची बारीक रेघ अजून होती. डॉक्टरांनी ते चित्र सासूबाईंस दाखविले, आणि त्यांनीच सुनेस दुसऱ्या इंजेक्शनासाठी नेले. तिसऱ्यानंतर पडदा कोरडा झाला. त्यानंतर आठ महिन्यांनी तिला त्याच डोळ्यात पुन्हा एक बारीकसा डाग जाणवला. या वेळी ती चौथ्या दिवशी तपासणीस गेली. नवी वाहिनी नव्हती, केवळ दाह होता. तो गोळ्यांनी शमला. त्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी शंभर नंबरी नाही. मधोमध एक अंधुक ठिपका राहिला आहे आणि तो राहील. पण ती आपले काम करते, हिशेब तपासते, मुलास अभ्यास शिकविते. गमावलेले तीन आठवडे हाती असते, तर तो ठिपकाही कदाचित लहान राहता.

या रोगात प्रत्येकास किती इंजेक्शने लागतील, हे आधी सांगता येत नाही. वृद्धांच्या रोगात ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. या तरुण रुग्णांत बहुधा त्याहून पुष्कळ कमी पुरतात. परंतु इंजेक्शने थांबली म्हणजे पाळत थांबली असे होत नाही. दुसऱ्या डोळ्यातही मूक ठिपके असू शकतात, आणि वर्षांनंतरही नवी वाहिनी उगवू शकते.

ही पाळत घरच्या घरी ठेवण्याचे एक साधन आहे, आणि जुना शिक्षक म्हणून ते मला फार आवडते. कारण त्यास फूटपट्टी, पेन आणि कागद याहून अधिक काही लागत नाही. स्वित्झर्लंडमधील नेत्रवैद्य मार्क आम्सलर यांनी १९४०च्या दशकात ते रूढ केले. कोऱ्या पांढऱ्या कागदावर दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस काढावा. त्यात अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर उभ्या व आडव्या काळ्या रेघा माराव्यात. म्हणजे वीस गुणिले वीस, चारशे चौकटी होतील. मधोमध एक ठळक ठिपका द्यावा. वाचण्याचा चष्मा असल्यास तो लावून कागद शाळेतल्या फूटपट्टीएवढ्या, म्हणजे तीस सेंटिमीटर अंतरावर चांगल्या उजेडात धरावा. एक डोळा तळहाताने झाकावा, दाबू नये. दुसऱ्याने केवळ मधल्या ठिपक्याकडे पाहावे, आणि नजर न हलविता मनाशी विचारावे : सर्व रेघा सरळ आहेत काय? कोठे चौकट लहानमोठी, पुसट किंवा नाहीशी दिसते काय? मग दुसऱ्या डोळ्याने तसेच पाहावे. ज्यांस हा रोग झाला आहे त्यांनी हे रोज करावे. ज्यांचा उणे नंबर मोठा आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा केले तरी हिताचे. कारण मोठ्या उणे नंबरात डोळा लांबून त्याची मागील भिंत ताणली जाते, आणि या रोगावाचूनही तेथे रोपटे उगवू शकते. काही बदल दिसला तर त्याच कागदावर पेन्सिलीने तो काढून, तारीख घालून, डॉक्टरांस दाखवावा. मात्र कागदावर सर्व ठीक दिसते म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नये; यंत्राला दिसते ते सारे कागदाला दिसत नाही.

कामास दोन मिनिटे लागतात. आपल्याकडे जोखमीची वस्तू राखणारास डोळ्यात तेल घालून जप, असे सांगण्याची रीत आहे. येथे जपावयाची वस्तू डोळाच आहे, आणि तेलाची जागा चारशे चौकटींच्या या कागदाने घ्यावयाची आहे. चष्मा लावणाऱ्या प्रत्येक घरात तो आजच रात्री काढून आरशाशेजारी चिकटवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.